रजेवर

यंदा ३ हेश्वान, म्हणजे आमच्या हिब्रू पंचांगाप्रमाणे आजोबांच्या थोरल्या भावाची पुण्यतिथी, शनिवारी आला. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. शब्बाथाला आम्ही कब्रस्तानात जात नाही, म्हणून रविवारी, २६ ऑक्टोबरला गेलो. ठाण्याच्या नऊ नंबरवरून नेरूळची गाडी, नेरूळला बदलून उरण लाइनची, आणि उतरायचं खारकोपरला. भाऊबीज होऊन तीनच दिवस झालेले, त्यामुळे उलव्याच्या टॉवरांच्या गॅलऱ्यांमध्ये कंदील अजून लटकत होते.

आम्ही बेने इस्राएल. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग आहे, शाआर हाशामाईम, तिथले. "म्हणजे ज्यू?" असं कोणी विचारलं तर हो. "मग मराठी इतकं चांगलं कसं?" असं विचारलं तर मी नुसता हसतो. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. एवढ्या पिढ्या ज्या भाषेत तेल विकलं ती चांगली येणारच.

तर कब्रस्तान. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या आडनावातच ते आहे. सातबाऱ्यावर तीन गुंठे. सत्तरच्या दशकात नवी मुंबईसाठी आजूबाजूची सगळी शेती गेली, भातखाचरं गेली, मिठागरं गेली. हा तुकडा तेवढा राहिला, कारण उताऱ्यावर 'कब्रस्तान' असा शब्द होता आणि आजोबा तो उतारा घेऊन एका कार्यालयात अकरा वेळा गेले होते. अकरा हा आकडा आजोबांचा. ते हिशेबाचे पक्के होते, पण रागात असले की आकडा थोडा वाढायचा. आता एका बाजूला सोसायटीची कंपाउंड वॉल, दुसऱ्या बाजूला गॅरेज, मागे गावठाण. मध्ये दोन करंज, एक उंडी आणि अकरा दगड. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापत होते त्या वर्षांत आलो की दगडांवर बोटभर धूळ असायची. आधी पाणी मारायचं आणि मगच अक्षरं दिसायची.

त्या अकरांतला एक दगड थोरल्यांचा. माझ्या आजोबांचे ते सख्खे मोठे भाऊ. घरात त्यांना नावानं कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. आजोबा म्हणायचे "थोरले", म्हणून वडीलही थोरले, म्हणून आम्हीही. वारले तेव्हा वीस वर्षांचे होते.

लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी. थोरले पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकात गेले. तिथल्या कुत गावात इंग्रजांच्या फौजेला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होते. उपासमार, घोड्याचं मांस पुढे आलं तरी शिवले नाहीत, तुर्कांशी लढले, जखमी झाले, बोटीतून घरी आले आणि आईच्या मांडीवर प्राण सोडला. आजोबा हे सांगताना उभे राहत. बसून सांगितलेलं मला आठवत नाही.

मी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली. लाइन कुठे तुटली आहे ते शोधणं हाच धंदा. निवृत्त झाल्यावर ही लाइन तपासायला घेतली, आणि पहिल्याच खांबाला तुटली. कुतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला फौजेनं शरणागती पत्करली. आणि आत्याच्या ट्रंकेत थोरल्यांची जी पाच पोस्टकार्डं आहेत, त्यांतलं पहिलं १९१७ च्या श्रावणातलं आहे. त्यात ते लिहितात की भरती झाली, बूट मोठे मिळाले, पुढे कापड कोंबून चालतो. म्हणजे कुत पडून वर्ष उलटलेलं. बगदादसुद्धा त्या मार्चमध्येच इंग्रजांनी घेतलेलं. थोरले गेले तेव्हा वेढाच नव्हता.

बाकीची चार कार्डं बसऱ्याहून. त्यांवर सेन्सॉरचा शिक्का आहे आणि बालबोध अक्षर मोत्यासारखं आहे. त्या अक्षरामुळेच त्यांना लष्करी इस्पितळाच्या कोठारात बसवलं असणार. कुठल्याच कार्डात बंदूक नाही. आहे ते असं: चादरी मोजतो. उन्हात लोखंडी खाट हातानं धरवत नाही. इथला खजूर आपल्याकडच्या वाण्याकडे मिळतो त्याहून मऊ आहे, येताना आणीन. पाऊस पडला का. एका कार्डात, शाई फुटलेल्या जागी, मला असं वाटतं, "झोपेत खाडीचा वास येतो" असं काहीसं आहे. आत्या म्हणते तसं नाही, "खाडीचा मासा" आहे. आमची यावर दोनदा भांडणं झाली आहेत.

मग जखम? जखम नव्हती. दगडावरच लिहिलंय, फक्त आम्ही कोणी नीट वाचलं नव्हतं. वर हिब्रू, त्याखाली बालबोधीत नाव, मग:

शिपाई. मु. बसरा.
रजेवर.
ता. ९ आक्टोबर १९१८

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा नारळाच्या काथ्यानं घासघासून मी ही तारीख पूर्ण वाचली. त्याआधी '१९१' एवढंच दिसायचं. आणि ऑक्टोबर १९१८ म्हटल्यावर मला जे आठवायला हवं होतं ते लगेच आठवलं नाही. घरी आलो, चहा घेतला, आणि मग आठवलं. मानमोडी.

कोविडच्या वेळी पेपरांनी त्या साथीबद्दल भरभरून लिहिलं, पण 'स्पॅनिश फ्लू' म्हणून. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी मानमोडीच. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरच्या पोलीस शिपायांना आधी ताप आला. युद्धावरून सैनिक घेऊन येणाऱ्या बोटी तिथंच लागत. ती लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी आली, ती खरी मारणारी. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्यात भर म्हणजे त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, लोक आधीच अर्धपोटी. देशभरात सव्वा ते पावणेदोन कोट माणसं गेली असं मानतात. या साथीत वयाचा क्रम उलटा होता, वीस ते चाळीसची धडधाकट माणसं जास्त मेली.

थोरले गुरुवारी, ३ ऑक्टोबरला घरी आले. हे आजोबांनीच सांगितलेलं, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शब्बाथाचा दिवा लागला तेव्हा थोरले घरात होते हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. मुंबईहून बोटीनं मोरा बंदर, तिथून बैलगाडी. बुधवारी गेले. सहा दिवस.

हे समजल्यावर मला खरं तर बरं वाटलं. वेढा, तुर्क, जखम हे सगळं ओझं त्या पोराच्या खांद्यावरून उतरलं आणि खाली पायात मोठे बूट घातलेला एक कोठारातला कारकून निघाला, जो खजूर आणणार होता. हा मला ओळखीचा वाटला. असा एक आमच्या एक्स्चेंजमध्येही होता.

अश्दोदला माझा चुलतभाऊ असतो. त्याला मात्र बरं वाटलं नाही. तो १९६९ साली आईवडिलांबरोबर तिकडे गेला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि थोरल्यांची गोष्ट त्यानं तिकडे नातवंडांना सांगून सांगून पाठ करवून घेतली आहे. त्याचं म्हणणं, जुना दगड झिजला, मी पैसे पाठवतो, काळा ग्रॅनाइट बसव आणि सोनेरी अक्षरांत 'शहीद' लिही. मी कुतची तारीख सांगितली तर तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचा नियम घेऊन आला. पहिल्या युद्धाच्या काळात, म्हणजे ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत, नोकरीत असताना जो मेला तो युद्धात मेला असं ते धरतात, मग तो गोळीनं मरो की तापानं. नियम खरा आहे, मी तपासला. "मग?" तो म्हणाला. "इंग्रज मान्य करतात आणि तू घरचा असून नाही म्हणतोस?"

मी त्याला बसऱ्याच्या स्मारकाचं सांगितलं. ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांवर लोकांचं ते स्मारक. गोऱ्या सैनिकांची नावं कोरलेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही, पण हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. आपल्या थोरल्यांचं नाव, निदान त्यांच्या आईनं कोरून घेतलेल्या दगडावर, आहे. त्यात आपण कशाला हात घाला? तो म्हणाला, तुझं नेहमीचंच. फोन ठेवला. मग दीड महिना फक्त सणांचे मेसेज.

हा वाद पोटात घेऊन मी त्या रविवारी गेलो होतो.

बरोबर आठजण. ठाण्यातले सहा, पनवेलचे दोन, मी धरून नऊ. दहावे गृहस्थ सकाळी सहाला फोन करून म्हणाले, गुडघा सुजलाय. कादिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. आमच्या सिनेगॉगमध्ये यावर दर दोन वर्षांनी वाद होतो, तो इथे नको. आम्ही शेमा ही रोजची प्रार्थना म्हटली, तेहिल्लीममधलं एक स्तोत्र म्हटलं, दगडांवर खडे ठेवले, आणि सगळे करंजाखाली उभे राहून रेल्वेच्या टाइमटेबलबद्दल बोलायला लागले.

हे दहाचं आमच्या घरात जुनं दुखणं आहे. त्या बुधवारीही दहा जमले नव्हते. साथीत पनवेलहून कोण येणार? घरचे आणि वाडीतले मिळून सहा पुरुष. आजोबा बारा वर्षांचे होते, तेरा पूर्ण नसल्यामुळे मोजले गेले नाहीत. हे त्यांनी आयुष्यभर मनाला लावून घेतलं. मोजले असते तरी सातच झाले असते, पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. पुढे बेने इस्राएल देशात वीस हजारांच्या घरात होते तेव्हा आजोबांनी प्रयत्न करून एकदोनदा दहा जमवले. मग एकेक घर इस्राएलला गेलं. आज देशात चार-पाच हजार असू, त्यांतले बरेचसे ठाण्या-मुंबईत, आणि रविवारी सकाळी उलव्याला यायला तयार असलेले नऊ.

हात धुवायला मी बाटलीतलं पाणी ओतत होतो, तेवढ्यात मागच्या गावठाणातली बाय आली. आगऱ्यांचं घर, चार पिढ्या शेजारी. कब्रस्तानाची किल्ली त्यांच्याकडे असते, पावसाळ्यात गवत तेच कापतात. बाय ऐंशीच्या पुढची आहे. तिनं दिवाळीच्या करंज्या आणल्या होत्या, सगळ्यांना दिल्या, आणि थोरल्यांच्या दगडाकडे हनुवटीनं खूण करत सहज म्हणाली,

"ह्योच ना तो शिपाई? यानं ताप आनलान ना गावान."

मी काही बोललो नाही.

"माझी आजेसासू सांगं," ती म्हणाली. "बोटीवरना आला, आन् मंग घराघरान ताप. आमचे घरानशी तिघं गेली. तुमची पन गेली का नाय?" आणि तिनं थोरल्यांच्या बाजूच्या तीन लहान दगडांकडे पाहिलं. "घ्या ना भाऊ, करंजी घ्या."

सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता, पाऊस कधी पडला ते सांगावं तसं ती सांगत होती.

ते तीन दगड मी जन्मापासून पाहतोय. दोन थोरल्यांच्या धाकट्या भावंडांचे, एक त्यांच्या काकीचा. आजोबा म्हणत, "लहानपणी गेली." त्या काळी लहानपणी मुलं जायचीच, मी कधी पुढे विचारलं नाही. खाली वाकून काथ्यानं घासलं. सगळ्यात लहान दगडावर नावच नाही, फक्त तारीख. १४ आक्टोबर. मधल्यावर १७. काकीच्या दगडाची तारीख लागली नाही, पण आता ती लागायची गरज नव्हती.

टेलिफोनमध्ये असं व्हायचं. फॉल्ट सापडावा म्हणून रस्ता खणायचा आणि खाली भलतीच केबल निघायची.

परतीच्या गाडीत पनवेलचे एक काका म्हणाले, कशावरून त्यानंच आणला? रोज बोटी येत होत्या, मोऱ्याला अर्धी मुंबई उतरत होती. बरोबर आहे. १९१८ च्या ऑक्टोबरात कोकणपट्टीच्या एका गावात ताप कोणी आणला हे कोणताही दगड सांगणार नाही. पण गाव शंभर वर्षं एक गोष्ट सांगत होतं आणि आम्ही दुसरी, आणि मध्ये फक्त एक कुंपण होतं.

संध्याकाळी आत्याकडे गेलो, खारकर आळीत. ती अठ्ठ्याऐंशीची आहे. मोड आलेले वाल पाण्यात घालून सोलत बसली होती. बिरडं ती अजून कोणाला करू देत नाही. मी तिला बायचं बोलणं सांगितलं. सांगताना हळूहळू सांगत होतो, तिला धक्का बसेल म्हणून.

"माहीत आहे," ती म्हणाली. वाल सोलणं थांबलं नाही.

"माहीत आहे म्हणजे?"

"आजीनं सांगितलेलं." आत्याची आजी म्हणजे थोरल्यांची आई, माझी पणजी. आत्या दहा वर्षांची असेपर्यंत ती होती. "गावातली एक बाई विहिरीवर भांडली होती तिच्याशी. तुझ्या लेकानं माझं घर खाल्लं म्हणाली. आजीनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, त्याला कशाला बोलतेस? त्याला बोलावलं कोणी? मीच ना? मला बोल."

बोलावलं होतं म्हणजे पत्र घातलं होतं. पणजीला लिहिता येत नव्हतं. बारा वर्षांच्या आजोबांकडून तिनं लिहून घेतलं होतं की नव्याच्या सणाला ये. नव्याचा सण म्हणजे आमचा रोश हशाना. त्या वर्षी तो ७ सप्टेंबरला होता. नव्याचा सण गेला, खिरीचा सण गेला, दार फाळणीचा सण गेला, थोरल्यांना रजा मिळेना. मिळाली तेव्हा सगळे सण उलटून गेले होते. तरी आले.

"म्हणजे पत्र आजोबांच्या हातचं," मी म्हणालो.

आत्यानं वर पाहिलं. "म्हणून तर तो कुत कुत करायचा," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, त्याला तारखा कळत नव्हत्या? मॅट्रिक होता."

मग बराच वेळ आम्ही दोघं वाल सोलत बसलो. मला ते जमत नाही, माझ्या हातात डाळिंबी तुटते. तिनं माझी वाटी काढून घेतली.

दगडाचं मी तिला विचारलं. ग्रॅनाइट, शहीद, सोनेरी अक्षरं. ती म्हणाली, दगडवाल्याला पैसे द्यायला आजीनं बुगड्या मोडल्या, आणि काय लिहायचं हे तिनं एकच शब्द सांगितला होता. बाकीचं भटकीचं काम (हा तिचा शब्द, सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या हझानसाठी ती तो लाडानं वापरते), नाव-तारीख त्यानं घातली. 'रजेवर' तिचा.

"आणि खडे कोणाच्या दगडावर आधी ठेवलेस?"

"थोरल्यांच्या. आजोबा तसंच करायचे."

"हो. आजीनं लावलेली शिस्त. आधी त्याचा, मग पोरांचा. उलटं केलं तर हातावर मारायची."

रात्री अश्दोदला फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, मागे नातवंडांचा हिब्रूत गोंधळ. मी त्याला सगळं सांगितलं, बाय, तारखा, विहीर, पत्र. तो मध्ये एकदाही बोलला नाही, जे त्याच्या स्वभावात नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "बसऱ्याला राहिला असता तर?"

"कोण जाणे. तिथेही साथ होतीच."

"हं." परत शांतता. "अक्षरं तरी रंगवून घे रे. काळा रंग. आहेत तीच."

"घेतो."

"आणि पोरांची पण."

रंगारी पुढच्या आठवड्यात येतोय, गावातलाच आहे, बायच्या नात्यातला. लहान दगडावर नाव नाही तिथे काय करायचं विचारत होता. काही नाही, म्हटलं, तारीख रंगव.

पुढच्या वर्षी ३ हेश्वान १४ ऑक्टोबर २०२६ ला येतोय. बुधवार आहे. थोरले गेले तोही बुधवारच होता, पण माझी काळजी वेगळी आहे. बुधवार कामाचा दिवस, आणि आमच्यातल्या अर्ध्यांना अजून नोकरी आहे. सहाजणांनी रजा टाकतो म्हणून सांगितलंय, गुडघ्यावाले गृहस्थ शपथेवर तयार आहेत, मी आहे, आणि अश्दोदहून तिकीट काढल्याचा मेसेज काल आला. नऊ झाले.